आभाळातली भट्टी

नानाकाकांचा फोन आला की माझी बायको आधी खिडकीतून आभाळ बघते. आभाळ मोकळं आणि वेळ संध्याकाळची असेल तर फोन कशासाठी आलाय ते ठरलेलं असतं.

"परत मारली बघ," काका म्हणतात. "दोन मारल्या. एकमेकींना छेदून. फुली."

विमानामागे उमटणारी ती पांढरी रेघ. काका गोव्यात पेडण्याला राहतात, मी पर्वरीला. त्यांना दिसते ती रेघ बहुतेक वेळा मलाही दिसते, फक्त मी तिच्याकडे बघून स्कूटर चालवत राहतो आणि काका घरात जाऊन भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेवर लाल पेनाने खूण करतात. गेली तीन वर्षं हे चाललंय. (काका बोलतात कोंकणीत. आमच्या घरात बोलणं कोंकणीत आणि लिहिणं-वाचणं मराठीत, हा जुना रिवाज आहे, म्हणून त्यांचं बोलणं मी इथे मराठीत उतरवतोय. त्यातल्या शिव्या गाळल्यात.)

काकांची उतारावर काजूची बाग आहे. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत मोहोर चांगला आला आणि फेब्रुवारीत करपला. कोवळ्या फांद्यांचे शेंडे काळे पडले, तुऱ्यांचा जळल्यासारखा रंग झाला. त्याच दिवसांत वर रेघा दिसत होत्या. आणि त्याच दिवसांत कुणीतरी मोबाईलवर एक फोटो पाठवला: विमानाच्या पोटात खुर्च्यांच्या जागी ओळीने ठेवलेली पिंपं, त्यांना जोडलेल्या नळ्या आणि तारा. खाली मजकूर होता की सरकारं आभाळातून अॅल्युमिनियम आणि बेरियम फवारतात, पाऊस पळवतात, माणसं आजारी पाडतात. काकांनी तीन गोष्टी एका दोऱ्यात ओवल्या. दोरा मजबूत होता.

मी उच्च माध्यमिकात भौतिकशास्त्र शिकवतो. त्यामुळे काकांची समजूत काढायचं काम घरच्यांनी माझ्याकडे दिलं आणि पहिल्याच फेरीत मी सपशेल हरलो.

हरलो ते माझ्याच शहाणपणामुळे. फोटोचं उत्तर सोपं होतं. नवं विमान चाचणीसाठी उडवतात तेव्हा प्रवाशांच्या वजनाऐवजी पाण्याची पिंपं ठेवतात, आणि उडताना त्यातलं पाणी पुढे-मागे पंपाने खेळवून विमानाचा तोल तपासतात. हे काकांनी ऐकून घेतलं. तिथे थांबायला हवं होतं. पण मी पुढे म्हटलं, "2016 साली अमेरिकेत 77 शास्त्रज्ञांना विचारलं होतं, हवेचे आणि प्रदूषणाचे जाणकार. त्यातले 76 म्हणाले, असल्या गुप्त फवारणीचा काहीही पुरावा आम्हाला आढळलेला नाही."

काकांनी चष्मा काढला. "आणि तो एक कोण?"

त्या एकाने म्हटलं होतं की एका दूरच्या भागात हवेत बेरियम अनपेक्षित जास्त सापडलं, तिथल्या मातीत ते कमी असूनही. मी प्रामाणिकपणे हे सांगितलं. झालं. पुढचे सहा महिने तो एक शास्त्रज्ञ आमच्या घरात जवळच्या नातेवाईकासारखा वावरत होता.

लहानपणी आम्ही या रेघेला रॉकेट म्हणायचो. "रॉकेट गेलं रे!" असं ओरडत अंगणात यायचं आणि रेघ पुसट होईपर्यंत मान वर. मोठी माणसं म्हणायची, जेट धूर सोडत गेलं. हा धूर शब्दच खरं तर सगळा घोळ करतो. धूर म्हटला की काहीतरी जळलं, काहीतरी घाण बाहेर टाकली. ढग म्हटलं असतं तर काकांनी पेन उचललं असतं की नाही, कोण जाणे.

आणि आभाळातून खाली काही पडत नाही असं तरी गोव्याच्या माणसाला कसं सांगायचं? आमच्या आजीचं माहेर रायबंदरचं. 1961च्या डिसेंबरात ती तिथे होती. 18 तारखेला भारतीय विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. दुसऱ्या दिवशी, गोवा मुक्त झाल्यावर, एक विमान वर घिरट्या घालत ध्वनिक्षेपकावरून बातमी सांगत होतं आणि पत्रकं टाकत होतं. 1955पासून जंगलात लपून गुप्त नभोवाणी केंद्र चालवणारे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो त्या विमानात होते. आजी मरेपर्यंत सांगायची, "कागद पडले रे वरून. पांढरे. आम्हाला वाटलं बगळे."

ही गोष्ट काकांनी माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकलेली. पण त्यांच्या मनात ठाण मांडून बसली होती ती वेगळीच गोष्ट, आणि ती कळायला मला वर्ष लागलं.

एका रात्री जेवणानंतर ते एकदम म्हणाले, "कासरगोडला वरूनच मारायचे ना?"

कासरगोड म्हणजे केरळचं उत्तर टोक, याच किनाऱ्यावर खाली. तिथल्या सरकारी मालकीच्या काजूबागांवर 1970च्या दशकाच्या अखेरीपासून 2000पर्यंत हेलिकॉप्टरने एन्डोसल्फान हे कीटकनाशक फवारलं गेलं. बागांच्या आजूबाजूला घरं होती, विहिरी होत्या, ओहोळ होते. तिथल्या व्यंग असलेल्या मुलांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. लोक वर्षानुवर्षं सांगत होते आणि त्यांना वेड्यात काढलं जात होतं. सर्वोच्च न्यायालयाने या औषधावर देशभर बंदी घातली ती 2011च्या मे महिन्यात.

"ते कशासाठी मारायचे, ठाऊक आहे?" काकांनी विचारलं. "ढेकण्या किडीसाठी. आपल्याकडे येतो तोच ढेकण्या. मीसुद्धा मारलंय. पाठीला पंप लावून, तोंडाला पंचा बांधून. दुकानदार म्हणाला, हे घे, रामबाण आहे. काकी पाणी आणून द्यायची."

काकी ओट्यापाशी भांडी पुसत होती. ती काही बोलली नाही.

त्या रात्री पर्वरीला परत येताना मला माझ्या 77 शास्त्रज्ञांची लाजच वाटली. ज्या माणसाने स्वतःच्या हाताने, अधिकृत दुकानातून, पावती घेऊन ते विष आणलं होतं, त्याला मी सांगत होतो की अधिकृत माणसं म्हणतात म्हणजे खरंच असणार.

मग मी पद्धत बदलली. खरं तर बदलली असं म्हणणंही जास्तच, तो योगायोग होता. एप्रिलात काजूचा मोसम ऐन रंगात असतो. काकांकडे अजून लहानशी भट्टी लागते. बोंडू तुडवून काढलेला रस आंबला की तो भाणात घालतात, खाली जाळ, आणि वाफ नळीतून लावणीत जाते. लावणी म्हणजे वाफ पकडणारं मडकं. तिच्यावर सतत गार पाणी ओततात, म्हणजे आत वाफेचे थेंब होतात. पहिल्या वेळी निघतो तो हुर्राक, तो परत भट्टीला चढवला की फेणी. काका स्टुलावर बसून करवंटीच्या डावाने लावणीवर पाणी घालत होते आणि वर, नेमकी, रेघ उमटली.

"काका, पाणी घालायचं थांबवलं तर?"

"तर वाफ उडून जाईल. शेंबड्या पोराला विचार."

"वर तेच चाललंय. फक्त वर पाणी घालायला लागत नाही."

विमानाचं इंधन म्हणजे जवळजवळ रॉकेलच. त्यात कार्बन आणि हायड्रोजन. जळताना हायड्रोजन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि पाणी होतं. एक किलो इंधन जळलं की सुमारे सव्वा किलो पाण्याची वाफ. इथे काकांनी डाव थांबवला. "एक किलोतून सव्वा किलो? फेणी अशी निघाली असती तर मी पणजीत बंगला बांधला असता." मग ऑक्सिजनचं वजन हवेतून येतं, टाकीतून नाही, हे मी जमिनीवर काटकीने लिहून दाखवलं. ते त्यांनी मानलं, जरा नाखुशीनेच.

ही वाफ आणि काजळीचे बारीक कण इंजिनातून गरम गरम बाहेर पडतात. बाहेर थंडी किती? पणजीला आल्तिनोवर हवामान खात्याची वेधशाळा आहे. तिथून वरच्या हवेचं माप घेणारे फुगे सोडतात. जगभर हे काम एकाच ठरलेल्या वेळांना होतं, आपल्या घड्याळात पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच. म्हणजे आपण खाली घामाने निथळत असताना आपल्याच डोक्यावर किती गारठा आहे ते कळत असतं. गोव्यावर 35 हजार फुटांवर तापमान उणे 40 अंशांच्या आसपास, 40 हजारांवर उणे 50 च्या आसपास. त्या थंडीत वाफ काजळीच्या कणांना धरून थेंब होते आणि क्षणात गोठते. नीट बघितलं तर रेघ विमानाला चिकटून सुरूच होत नाही, मध्ये थोडी मोकळी जागा असते. वाफ गार व्हायला तेवढा वेळ लागतो. भाण आणि लावणी यांच्यामधली नळी, असं समजा.

काकांना ती मोकळी जागा पटकन दिसली. डोळे तयार आहेत त्यांचे, काजूवरची कीड दहा हातांवरून ओळखतात.

त्या दुपारी आम्ही एक हिशोबही केला. मध्यम आकाराचं प्रवासी विमान तासाला साधारण अडीच टन इंधन जाळतं. म्हणजे तीन टनांच्या वर वाफ. वेग ताशी 830 किलोमीटर धरला तर रेघेच्या प्रत्येक मीटरमागे पावणेचार ग्रॅम पाणी. एक चमचाही नाही! मोठं विमान असलं तर दोन-तीन चमचे. मग एवढ्याशा पाण्याची ती रेघ तासभर टिकते आणि रुंद होत अर्ध्या आभाळावर पसरते, ती कशी? तर तो माल विमानाचा नसतोच. वरची हवा आधीच इतकी ओली असते की बर्फ धरायला तिला फक्त निमित्त हवं असतं. विमान विरजण घालून जातं, दही त्या हवेचंच लागतं. हवा कोरडी असेल तर रेघ विमानामागे बोटभर लांबते आणि विरते.

"आणि फवारणी असती तर?" मी विचारलं. "तासभर टिकणारं, मैलभर रुंद होणारं तेवढं औषध कुठल्या टाकीत मावेल?"

काका म्हणाले, "ते बघू. आधी लाकूड सार आत."

प्रश्न पुढेही येत राहिले आणि ते चांगले होते. एक विमान रेघ मारतं, त्याच्या थोडं खालून जाणारं दुसरं मारत नाही, म्हणजे टाकी एकातच असणार ना? तर नाही. आपल्याकडची वरची हवा युरोपातल्या हिवाळ्यासारखी गार नसते. रेघेला लागणारी थंडी इथे जेमतेम 35 हजार फुटांच्या आगेमागे सुरू होते, त्यामुळे चार-पाच हजार फुटांचा फरकसुद्धा पुरतो. मोपाच्या विमानतळावर उतरणारी विमानं? ती पेडण्यावर येईतो इतकी खाली असतात की बर्फाचा प्रश्नच नाही. पावसाळ्यात उतरताना त्यांच्या पंखांवर पांढरी फडकी लोंबल्यासारखी दिसतात, ते दाब कमी झाल्यामुळे तिथल्या तिथे होणारं धुकं. मग ज्यांच्या रेघा दिसतात ती विमानं कोणाची? मी मोबाईलवर विमानं दाखवणारं अॅप उघडून काकांच्या हातात दिलं. वरची रेघ आखातातून कोलंबोला निघाली होती, 39 हजार फुटांवर. काका बराच वेळ त्या पिवळ्या चिन्हाकडे बघत राहिले. "म्हणजे आपल्याकडे उतरणारसुद्धा नाही?" त्यांच्या आवाजात थोडा अपमान होता.

सगळ्यात अवघड प्रश्न होता, "आमच्या लहानपणी इतक्या नव्हत्या." हे खरंच आहे. तेव्हा वरून जाणारी विमानंच किती होती! पण आणखी एक कारण आहे आणि मला ते फार आवडतं. इंजिनं सुधारली. नवं इंजिन इंधनातली जास्त ऊर्जा कामाला लावतं, म्हणून त्याच्या मागचा झोत कमी गरम असतो आणि लवकर गोठतो. जर्मन शास्त्रज्ञांनी एक जुनं आणि एक नवं विमान शेजारी शेजारी, एकाच उंचीवर उडवून पाहिलं. नव्यामागे रेघ उमटली, जुन्यामागे नाही. 2000 साली त्यांनी ते छापलं. इंजिन जितकं चांगलं तितकी रेघ उमटायची शक्यता जास्त, हे पचवायला मलाच दोन दिवस लागले होते.

अॅल्युमिनियमचं मात्र पाच मिनिटांत उरकलं. पृथ्वीच्या कवचात ते वजनाने सुमारे 8 टक्के आहे आणि आपला जांभा तर लोखंड आणि अॅल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांनीच भरलेला. पेडण्याच्या पठारावर पातेलं उघडं ठेवून पावसाचं पाणी तपासायला दिलं तर त्यात अॅल्युमिनियम निघाल्याशिवाय राहणार नाही. ज्या दगडाने घर बांधलं त्याचीच धूळ.

आता दिनदर्शिकेबद्दल. खरं सांगायचं तर इतके दिवस मी ती पाहिलीच नव्हती, तिला हसलो मात्र होतो. मागच्या उन्हाळ्यात काकांनी तीन वर्षांची पानं माझ्यापुढे टाकली. लाल फुल्या विखुरलेल्या नव्हत्या. तीन-चार दिवस सलग, मग आठवडाभर काही नाही, परत सलग. फवारणीचं वेळापत्रक म्हणून काका ते दाखवत होते. मला त्यात दिसत होती वरच्या ओल्या हवेची येजा. विमानं रोज जातात, रेघ टिकायला लागणारी ओल रोज नसते. आणि काही फुल्यांच्या खाली, पेन्सिलीने, काकांच्या बारीक अक्षरात "मळभ" असं लिहिलं होतं.

मळभ आलं की ढेकण्या वाढतो, हे काजू लावणाऱ्या कुणालाही विचारा. तो कोवळ्या शेंड्यांतून आणि मोहोरातून रस शोषतो आणि शेंडे जळल्यासारखे काळे पडतात. वरची ओल आणि खालचं मळभ दर वेळी जोडीने येतात असं नाही, पण त्या फेब्रुवारीत आले होते. पानावर तसं लिहिलेलंच होतं. काकांची नोंद चुकली नव्हती. रेघा खरंच त्याच दिवसांत होत्या आणि मोहोर खरंच त्याच दिवसांत गेला. मी हे म्हणालो तेव्हा काका पान उलटं-सुलटं करत राहिले. मग म्हणाले, "ढेकण्या होता. मी पाहिला होता. पण एवढा सगळा एका किड्याने..." वाक्य त्यांनी सोडून दिलं.

खळ्याची गोष्ट त्यानंतरची. गेल्या डिसेंबरात दुपारी एक रेघ पसरत पसरत सूर्यावर आली आणि तिथे रंगीत कमान दिसायला लागली. पूर्ण वर्तुळ नव्हे, रेघेच्या पट्ट्यापुरताच तुकडा. चंद्राला खळं पडलेलं काकांनी शेकड्यांनी पाहिलंय. मी त्यांना हात लांब करून वीत पसरायला सांगितली, अंगठा सूर्यावर धरून. करंगळीचं टोक नेमकं कमानीपाशी आलं. सूर्यापासून 22 अंश. बर्फाचे सहा कोनांचे स्फटिक प्रकाशाला एवढंच वळवतात. धातूच्या भुकटीला हे जमणार नाही, औषधाच्या तुषारांनाही नाही. तिथे बर्फ होता आणि तो आपली सही करून दाखवत होता. काका हात तसाच ताणून उभे. मग त्यांनी काकीला हाक मारली आणि तिच्याकडूनही वीत धरून घेतली.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण मास्तराला सगळं सांगून टाकायची खोड असते. मी म्हटलं, "फक्त एक आहे काका. या रेघा अगदीच निरुपद्रवी नाहीत." पसरलेली रेघ पांघरुणासारखी जमिनीची उष्णता अडवते. दिवसा ती थोडं ऊन परतवतेही, रात्री मात्र फक्त उष्णताच अडवते. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, विमानांच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षाही या रेघांपासून होणाऱ्या ढगांची तापवण्याची ताकद जास्त असावी असा अंदाज आहे, अनिश्चितता बरीच असली तरी. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहतो, रेघ काही तासांत जाते, हेही मी सांगितलं. आणि उपाय आहे. 2023 साली अमेरिकेत 70 उड्डाणं ओल्या थरांना वर-खाली टाळून करून पाहिली, रेघा 54 टक्क्यांनी घटल्या.

काका खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे रेघांनी हवा बिघडते."

"तापते. पण मुद्दाम कुणी..."

"आणि हे कंपन्यांना ठाऊक आहे."

"ठाऊक आहे, छापलेलंच आहे, पण काका, ते गुप्त नाही, म्हणूनच तर..."

"आणि टाळता येतं. तरी रोज मारतात."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. काका तोवर कुंपणापाशी पोचले होते. पलीकडे शेजारचा बाबूश पंपाला तेल घालत होता. "ऐकलंस का रे," काका त्याला सांगत होते, "आमचा मास्तर मानला शेवटी."